जमादाराचं पाणी

आमच्या बांध्या तलावापासून सगळ्यात लांब होत्या. भातशेतीच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत उतरत खाली येतं. तलावाजवळच्याची आधी भरते, मग त्याच्या खालच्याची, आणि असं होता होता जे उरेल ते आमच्या वाट्याला यायचं. कामठ्याहून बैलगाडीच्या वाटेनं पुढे गेलं की आमचं गाव लागे. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, आणि शेतं संपून मोहाची झाडं सुरू होत तिथे आम्ही. माझ्या लहानपणी घरात कोणी धान कसं आहे असं विचारत नसे. पाणी आलं का, एवढंच विचारत.

घरात बाबा, माय, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे काकाजी, काकी, त्यांची लहानगी शेवंता आणि मी. सकाळ ढेकीच्या आवाजानं व्हायची. माय ढेकीच्या लाकडावर पाय देऊन धान कांडायची आणि काकी पुढे बसून उखळीत हात घालून धान हलवायची. लाकूड खाली येण्याच्या आत हात बाहेर काढायचा असे. दोघींचं बोलणं चालूच असायचं, आणि तरी काकीचा हात कधी सापडल्याचं मला आठवत नाही. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वर जवसाच्या तेलाची धार, हे आमचं रोजचं जेवण. तलाव उतरला की मासळी. बाबा खाली मान घालून जेवत. काकाजी मात्र जेवताना बोलत. गोंदियाच्या बाजारातून पुडीला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागदही ते सरळ करून वाचत आणि वाचलेल्यावर प्रश्न विचारत. "असं काऊन?" हा त्यांचा शब्द. माय म्हणायची, "भाऊजी, जेवा ना. भात थंडा होऊन राहिला." मग ते हसत आणि जेवत. पण प्रश्न तसाच ताटाजवळ पडून असे.

तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनदाराचा होता. तलावाचं पाणी सोडायचं जे तोंड, त्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते त्याचा माणूस उघडायचा आणि तोच बंद करायचा. मालगुजार चांगला होता असं कोणी म्हणत नव्हतं. त्याच्या घरची बेगार सगळ्यांनी केली होती. मालगुजारी गेली तेव्हा गावात गूळ वाटला, आणि तो माणूस आपलं सामान गाडीवर लादून नागपूरला निघून गेला. त्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी लोकांच्या लक्षात आलं की तुडूम कोणी उघडायचं हे आता कोणालाच माहीत नाही. ज्याच्या हातात बळ तो उघडू लागला. पहाटे एक जण उघडे, दुपारी दुसरा येऊन दगडमाती घालून बुजवे. आमच्यापर्यंत पाणी आलंच नाही. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, वाफ्यातच पिवळी पडली.

त्याच दिवसांत दुलीचंद गेला. तो आमच्या शेजारच्या बांधीवाला, बाबांचा बालपणाचा सोबती. पाटावर पाण्यावरून बोलाचाली झाली आणि कोणाचं तरी फावडं त्याच्या डोक्यात बसलं. ते कोणाचं, हे गावानं पोलिसांना कधीच सांगितलं नाही, कारण चार फावडी एकाच वेळी उचलली गेली होती. बाबा धावत गेले. दुलीचंदचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, आणि तो तसाच गेला. बाबा घरी आले तेव्हा त्यांचं धोतर मायने विहिरीवर धुतलं, वाळत घातलं, पुन्हा धुतलं. त्यानंतर कित्येक दिवस बाबा ओसरीवर बसून राहायचे. काही विचारलं तर म्हणायचे, "कोनीतरी एक पाहिजे. कोनीतरी एक." याहून जास्त ते बोलत नसत.

जमादार त्यानंतर पुढे आला. त्याचं नाव केशोराव. तो आमच्याच गावचा, लढाईच्या काळात पलटणीत जमादार होता, आणि परत आल्यावर कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी आपली शेती करत होता. उंच नव्हता, आवाजही मोठा नव्हता. गळ्यात दोरीनं बांधलेली पितळेची शिट्टी असायची. पुढच्या रोवण्याला तो तलावाच्या पाळीवर जाऊन तुडुमाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "शिट्टी वाजल्याशिवाय कोनी हात लावन तं मी त्याले पाहीन." आणि त्यानं पाणी शेवटच्या बांधीपासून सुरू केलं. वरच्यांचे पाट बुजवून पाणी आधी सरळ खाली आणलं. आमच्याकडे असं कधी झालंच नव्हतं. बाबा बांधावर उभे होते. पाणी चिखलातून वळण घेत आलं आणि त्यांच्या पायाशी पसरू लागलं. बाबा खाली बसले, दोन्ही हात पाण्यात ठेवले आणि बसूनच राहिले. मायने हाक मारली तरी उठले नाहीत. माझे वडील मी फार थोड्या वेळा सुखी पाहिले. त्यातली ही एक वेळ, आणि ती जमादारानं दिलेली. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचताना ते विसरायला नको.

त्या वर्षी आमचं घर धानानं भरलं. हळूहळू शिट्टी पाण्यापुरती राहिली नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या एकाला जमादारानं चावडीपुढे कान धरून उभं केलं. बायका दारातून बघत होत्या. माय घरी येऊन म्हणाली, "त्याच्या शिट्टीनं मानसं सुधे झाले बाई." खळ्यावरची चोरी थांबली. रस्त्यावर कोणाचं जनावर मोकळं दिसेनासं झालं. मग चावडीपुढच्या चिंचेला माणूस बांधायची रीत सुरू झाली. पहिल्यांदा बांधला तो गावचा नावाजलेला चोर होता, तेव्हा सगळे हसले, मीही हसले. दुसरा बांधला तो चोर नव्हता, उलट बोलला होता. तेव्हाही काही जण हसले. नंतर कोणी हसत नव्हतं आणि कोणी काही म्हणतही नव्हतं. चिंचेला माणूस बांधलेला असला की बायका घागरी घेऊन पलीकडच्या गल्लीनं विहिरीवर जात. ती वाट लांबची होती, पण काही दिवसांनी पायांना तिचीच सवय झाली.

आता मी भंडाऱ्याला लेकाकडे असते. सकाळी बागेत फिरायला जाते, तिथल्या बाकावर निवृत्त माणसं बसतात. चांगली, शिकलेली माणसं. परवा त्यातले एक म्हणाले, "या लोकांना एक कडक माणूसच पाहिजे." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या कानात बाबांचा आवाज आला, आणि बाबांवर मला तेव्हाही राग करता आला नव्हता.

तुडूम एकदा पहाटे कोणीतरी चोरून उघडलं. जमादारानं सोमाला धरलं. सोमा तलावात मासे धरून पोट भरणारा, शेत नसलेला माणूस. पाणी सोडून त्याला काय मिळणार होतं, हे कोणी विचारलं नाही. पहाटे पाण्यात तोच असतो, एवढं पुरलं. त्याला चिंचेला बांधला. उन्हाचे दिवस होते. दुपार कलल्यावर सोडला तेव्हा त्याला उभं राहता येईना, त्याच्या बायकोनं आणि मुलीनं धरून नेला. त्यानंतर त्याचा उजवा हात नीट वर होईना, आणि जाळं फेकायचं तर तोच हात लागतो. चार-आठ दिवसांनी कळलं की तुडूम जमादाराच्या भाच्यानं उघडलं होतं. भाच्यानं स्वतःच बढाई मारत कोणाला तरी सांगितलं. गावभर झालं, आणि गावभर होऊनही कोणी ते मोठ्यानं म्हणेना.

पुढच्या बैठकीत काकाजी उठले. चावडीच्या ओट्यावर जमादार, खाली पुरुष, आणि बाजूला भिंतीला टेकून बायका. मी काकीजवळ शेवंताला मांडीवर घेऊन बसले होते. काकाजींचा आवाज नेहमीसारखाच होता, जेवताना बोलायचा तसा.

"जमादार, एक गोठ विचारू का?"

"विचार ना."

"सोमाचा गुना नोयता, हे आता सगळ्याइले मालूम आहे. चूक कोनाच्यानंही होते. तुमी त्याले एक शबद बोला. अन् पुढं कोनाले बांधाचं असन तं पाच जनं बसून ठरवू. एकट्यानं काऊन ठरवाचं?"

जमादार चिडला नाही. मला वाटतं तो चिडला असता तर निभावलं असतं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि ओट्यावर आपल्यासमोर ठेवली. "बरोबर बोलला," तो म्हणाला. "मी एकट्यानं कायले करू? मले का मिळते? उद्यापासून तुडुमावर मी नाही. पाच जनं पाहा."

आणि तो गप्प बसला. एवढंच केलं त्यानं. रोवणा तोंडावर आला होता. मग मागून एक जण म्हणाला, "असं नोका करू जमादार." मग दुसरा. मग सगळेच बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांची तोंडं काकाजींकडे वळली. "तुले कायले पाहिजे होतं हे?" "दुलीचंदावानी अजून मरू द्याचे का?" दुलीचंदचा भाऊ उभा राहून म्हणाला, "तुह्या घरचा गेला असता मंग बोलला असतास." सोमाही तिथे होता, मागे, आपला हात मांडीवर धरून. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. सोमा खाली पाहत होता. मग तो हळूच म्हणाला, "जमादार, माहं काही म्हननं नाही."

शिट्टी तशीच ओट्यावर पडली होती. तिला हात लावायचा कोणाला धीर होईना. तेव्हा बाबा उठले. माझे बाबा, जे बैठकीत कधी बोललेच नव्हते. ते ओट्याजवळ गेले, दोन्ही हातांनी शिट्टी उचलली, आणि देवापुढचा प्रसाद द्यावा तशी जमादारासमोर धरली. जमादारानं थोडा वेळ घेतला. मग शिट्टी गळ्यात घातली.

काकाजींवर बहिष्कार घालायचं जमादार बोललाच नाही. तो निघून गेला होता. ते मागे राहिलेल्यांनी ठरवलं. काकाजीच्या चुलीला कोणी विस्तव द्यायचा नाही, त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, त्याच्या वाट्याच्या बांधीत पाणी सोडायचं नाही. पण आमची शेती एकत्र होती आणि चूलही एकच. म्हणून मग कोणीतरी बाबांना म्हणालं, "तू वेगळा होऊन जा, म्हंजे तुह्या बांध्याले धोका नाही." बाबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराच्या मधोमध मातीची भिंत घालायचं काम सुरू झालं. बाबांनी बोडीवरून, म्हणजे लहान तळ्यावरून माती आणली, मायने तीत धानाची तणस तोडून टाकली. माती तुडवायला माणूस कमी पडत होता. काकाजींनी धोतर वर खोचलं आणि आळ्यात उतरून पायांनी ती तुडवू लागले. बाबा गोळा उचलून थर लावत, काकाजी पुढचा गोळा हातात देत. दोघं भाऊ लहानपणापासून भिंती अशाच घालत आले होते, त्यामुळे बोलायची गरज पडत नव्हती. एकदा काकाजी म्हणाले, "दादा, इकडून पोट सुटून राहिलं." बाबांनी ओळंब्यासारखा हात धरून पाहिलं आणि तिथली माती कापून सरळ केली. ढेकी भिंतीच्या आमच्या बाजूला आली. ती आपली दोन भांडी आणि शेवंताला घेऊन पलीकडे गेली. मी त्या दिवशी रडले नाही. मला भूक लागली होती एवढं आठवतं, आणि मायनं भात वाढला तो मी खाल्ला.

भिंत वाळायच्या आत काकाजी गोंदियाला गेले. तिथे एका धानाच्या गिरणीत पोती उचलायचं काम मिळालं. काकी मागे राहिली, कारण शेत सोडलं तर ते जाणारच होतं. भिंतीच्या वर छपरापर्यंत हातभर फट होती. तिच्यातून पलीकडचे आवाज यायचे. शेवंताचं कुरकुरणं, भांड्याला पळी लागल्याचा आवाज. फोडणीचा वास क्वचित यायचा. माय धान कांडताना पुढे मला बसवू लागली. माझा हात दोनदा सापडला. भिंतीपलीकडून काकी म्हणायची, "बाई वो, आधी हात काढ, मंग पाह्य." माय उत्तर द्यायची नाही, पण पायाची गती कमी करायची.

रोवण्याच्या दिवसांत जमादाराचा निरोप आला. त्यानं चावडीवर सांगितलं होतं, "बाईचा का गुना? तिच्या बांधीत पानी सोडा." पाणी सुटलं. विस्तवही मोकळा झाला. काकीनं पदर डोक्यावरून घेऊन चावडीसमोर जमिनीला हात लावून नमस्कार केला. गाव म्हणालं, माणूस कडक आहे, पण मन पाहा. माय म्हणाली. बाबा म्हणाले. आणि मीही मनात म्हटलं असेल, कारण त्या दिवशी काकीला आमच्या ओसरीवर पुन्हा बसलेली पाहून मला बरं वाटलं होतं, आणि ते जमादारामुळेच झालं होतं.

त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तहसिलीतून एक साहेब सायकलवर आला. त्यानं हिंदी-मराठीत समजावून सांगितलं की आता राज्य आपलं आहे, सरपंच तुम्हीच निवडायचा, ज्याला पाहिजे त्यानं उभं राहावं. जमादार उभा राहिला. त्याच्याविरुद्ध उभा राहणारा कोणी निघेना, तेव्हा साहेब म्हणाला, "फिर भी हात तो उठाना पडेगा." लोकांनी हात वर केले. बाबांचा हात गेला. सोमानं डावा हात वर केला. मी बायकांच्या मागे उभी होते. मायचा हात वर गेला, आणि तिच्या शेजारी काकीचा. काकीच्या मनगटावर बांगड्या खाली घसरल्या त्या मला दिसल्या. साहेबानं मोजायची तसदी घेतली नाही.

घरी आल्यावर मायनं तिला विचारलं, अगदी हलक्या आवाजात. "तू काऊन वर केला वो? तुले तं कोनी काही म्हनलं नसतं."

काकी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "खाली ठेवला असता तं सगळ्याइनं पायलं असतं. वर केला, कोनीच नाही पायलं." मग खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "अन् दुसरं कोन आहे जिजी? तुमीच सांगा."

बाबा फार म्हातारे झाले तेव्हा, खाटेवर असताना, मी त्यांना विचारलं होतं. शिट्टी तुम्हीच का उचललीत? तोवर जमादार मरूनही वर्षं झाली होती, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी तलावाचं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबांनी छपराकडे पाहिलं. "दुलीचंदाचं डोकं लय जड होतं," ते म्हणाले. मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. आता वाटतं, कळला होता.

निवडणुकीनंतरच्या मंडईला काकाजी आले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडारीचं नाटक होतं, लेकीबाळी माहेरी येतात, बाहेर गेलेली माणसं गावी येतात. काकाजी निघून गेल्यावर पहिल्यांदाच येत होते. मी आणि शेवंता वेशीपर्यंत गेलो होतो. ते दिसले. वाळले होते, केसांत तांदळाचा कोंडा अडकलेला होता, तो धुऊनही जात नसावा. शेवंतानं त्यांना ओळखलं नाही. त्यांनी तिला उचललं, आणि मला म्हणाले, "तुमी दोघी घरी व्हा. मी जमादाराकडून येतो." घरी यायच्या आधी ते तिकडे गेले. त्याच्या ओसरीवर जाऊन त्यांनी त्याच्या पायाला हात लावला, असं गावात लगेच कळलं, आणि लोकांना फार बरं वाटलं. दुलीचंदचा भाऊ स्वतः येऊन बाबांना सांगून गेला.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो, आमच्या बाजूला. बाबा आणि काकाजी शेजारी शेजारी. मासळीचा रस्सा होता. काकाजी आता जेवताना बोलत नव्हते. मीच न राहवून विचारलं, "काकाजी, तुमाले राग नाही येत?"

त्यांनी घास खाल्ला. "गिरनीतला मुकादम पायला असता," ते म्हणाले, "तं जमादाराले देवमानूस म्हनली असतीस." आणि पुन्हा जेवू लागले.

काकीनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि पातेलं घेऊन तिथेच बसली.

"जमादारानं च्या पाजला म्हंते?"

"पाजला."

"गुळाचा का साखरेचा?"

"साखरेचा."

काकी पातेल्यातला भात पळीनं सारखा करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मान ठेवला."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तिच्या अगदी जवळ बसले होते, आणि मी नीट ऐकलं.